परदेशी जोडीदार, संपत आलेला व्हिसा आणि सोलापुरात लग्न: काय, कधी, कसं

हा लेख त्यांच्यासाठी ज्यांचा जोडीदार परदेशी आहे, सध्या इथं सोलापुरात किंवा भारतात कुठंतरी आलेला आहे, लग्न करायचं दोघांचं नक्की ठरलंय, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की अरे, व्हिसाचे दिवस तर संपत आले. त्यानंतर जी धावपळ सुरू होते ती मी जवळून बघितलीये, आणि त्या धावपळीत माणसं वकील, एजंट, ओळखीचा क्लार्क, काकांचे मित्र असं सगळ्यांना विचारत सुटतात आणि प्रत्येकजण वेगळं सांगतो. म्हणून नीट क्रमानं लिहितोय. सगळ्यात आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा: लग्नाआधी सरकारी ऑफिसात जी नोटीस द्यावी लागते तिचे ३० दिवस कमी होत नाहीत आणि व्हिसाची तारीख तुमच्या लग्नासाठी थांबत नाही. त्यामुळे हिशोब मुहूर्तापासून पुढं करायचा नाही, व्हिसाच्या शेवटच्या दिवसापासून मागं करायचा.

पहिलं काम: पासपोर्ट हातात घ्या आणि खरी तारीख शोधा

इथंच जास्त लोक फसतात. ई-टुरिस्ट व्हिसा ३० दिवसांचा, १ वर्षाचा आणि ५ वर्षांचा असतो. जोडीदार म्हणतो माझा व्हिसा ५ वर्षांचा आहे, काळजी नाही, आणि घरचेही निवांत होतात. पण ५ वर्षांचा व्हिसा म्हणजे ५ वर्षांत येता-जाता येतं, सलग ५ वर्षं राहता येत नाही. एका फेरीत किती दिवस राहायचं याची मर्यादा वेगळी असते, बऱ्याच देशांच्या लोकांना ९० दिवस आणि अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान या देशांच्या लोकांना १८०. हे दिवस विमानतळावर जो एंट्रीचा शिक्का बसतो त्या तारखेपासून मोजायचे. तर व्हिसाची प्रिंट आणि तो शिक्का शेजारी शेजारी ठेवा, व्हिसावर राहण्याच्या दिवसांबद्दल जे छापलंय ते शब्द न् शब्द वाचा, आणि शेवटचा दिवस कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा. स्टुडंट किंवा एम्प्लॉयमेंट व्हिसा असेल तर कॉलेज किंवा कंपनी सुटली की काय होतं तेही आत्ताच विचारून घ्या, शेवटच्या आठवड्यात नको. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागतच नाही, त्यांनी हा भाग सोडून थेट नोटिशीकडं जावं. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान इथल्या जोडीदारांसाठी लाँग टर्म व्हिसाचे नियम वेगळे आहेत, त्यांनी या लेखावर न थांबता आधी त्याची चौकशी करावी.

याच वेळी अजून एक बघा. जोडीदार तुमच्या घरी राहत असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायची असते, ज्याला सगळे फॉर्म सी म्हणतात. हॉटेलवाले भरतात हे लोकांना माहीत असतं, पण घरी पाहुणा ठेवला तरी भरावा लागतो हे आपल्याकडं फार कमी जणांना माहितीये. पुढं व्हिसा बदलायच्या वेळी कुठं राहिलात याचा पुरावा लागतो तेव्हा हा कागद फार उपयोगी पडतो, आणि नसेल तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

दुसरं: कुठल्या कायद्याखाली लग्न

घरच्यांचं म्हणणं साधारण असं असतं की सिद्धेश्वराच्या साक्षीनं देवळात हार घाला, भटजींची पावती घ्या, महापालिकेत नोंद करा, झालं. भावना मला कळते, पण कागद असा बनत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ हा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. एकजण हिंदू आणि दुसरा ख्रिश्चन असेल तर त्या कायद्याखाली लावलेलं लग्न वैध धरलं जात नाही, सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट सांगितलेलं आहे. असं लग्न करून महापालिकेचं सर्टिफिकेट मिळालं तरी पुढं व्हिसा, ओसीआय (परदेशी जोडीदाराला इथं दीर्घकाळ राहायची मुभा देणारं कार्ड), वारसा अशा प्रत्येक ठिकाणी ते ठिसूळ राहतं. एका दिवसात शुद्धी करून, धर्म बदलून, सर्टिफिकेट हातात देतो म्हणणारेही भेटतील. ज्याला मनापासून धर्म स्वीकारायचाय त्यानं तो जरूर स्वीकारावा, पण फक्त व्हिसाची तारीख गाठायला कुणाला धर्म बदलायला लावू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय.

तुमच्यासाठी रस्ता म्हणजे विशेष विवाह कायदा १९५४, आपण ज्याला रजिस्टर मॅरेज म्हणतो तो. यात धर्म, जात, देश काहीही चालतं. मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण, दोघांचाही आधीचा नवरा किंवा बायको हयात नको (घटस्फोट झाला असेल तर चालतं), आणि जवळचं निषिद्ध नातं नको. हार, सप्तपदी, चर्च, जे करायचं ते आधी किंवा नंतर हौसेनं करा, कायद्याचं लग्न मात्र विवाह अधिकाऱ्यापुढं.

तिसरं: नोटीस

ही खरी गोष्ट आहे, इथं जरा सावकाश वाचा. लग्नाच्या आधी विवाह अधिकाऱ्याकडं लेखी नोटीस द्यावी लागते. ज्या जिल्ह्यात देता तिथं दोघांपैकी किमान एकजण नोटिशीच्या लगेच आधी सलग ३० दिवस राहिलेला पाहिजे. म्हणजे परदेशी जोडीदार कालच आला असेल तरी चालतं, तुम्ही सोलापुरात राहत असाल तर. पण तुम्ही पुण्यात नोकरीला आणि आधार कार्डावर पत्ता सोलापूरचा, शनिवार-रविवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येऊन जाऊन, तर तुम्ही राहता पुण्यात. मग नोटीस पुण्यात द्या किंवा आधी इथं येऊन राहा. पुण्यात दिली तर तिथले अधिकारी नोटिशीची एक प्रत तुमच्या कायमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातही लावायला पाठवतात, म्हणजे सोलापुरात ती लागणारच, घरी कळायच्या आत होईल असं धरून चालू नका.

नोटीस ऑफिसच्या बोर्डावर ३० दिवस लागते. त्या काळात कुणीही हरकत घेऊ शकतं, पण हरकत फक्त कायद्यातल्या अटींवर, म्हणजे वय, आधीचं लग्न, नातं वगैरे. आम्हाला हे लग्न पसंत नाही ही हरकत होत नाही. हरकत आलीच तर अधिकाऱ्यानं ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो, म्हणजे तुमचा अजून एक महिना गेला असं समजा. घरात तणाव असेल तर हे दिवस हिशोबात धरूनच ठेवा.

महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवरून नोटीस ऑनलाइन भरायची सोय आहे, पण ती आधारवर चालते आणि परदेशी माणसाकडं बहुतेक वेळा आधार नसतं (गेल्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिला असेल तरच काढता येतं). म्हणून दोघांनी ऑफिसात जाऊनच नोटीस द्यायची तयारी ठेवा. जाण्याआधी एकदा एकट्यानं जाऊन त्यांच्याकडून कागदांची यादी लिहून आणा, कारण कायदा एक असला तरी प्रत्येक ऑफिस मागताना एखादा कागद जास्तच मागतं. आणि तत्काळ नावाचा प्रकार यात नाही. मागची तारीख टाकून नोटीस लावतो म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागलात तर ज्या सर्टिफिकेटवर तुमचा पुढचा सगळा संसार उभा राहणार त्याचाच पाया खोटा होतो.

चौथं: परदेशी जोडीदाराचे कागद

पासपोर्ट, व्हिसा, एंट्रीचा शिक्का, जन्माचा दाखला, फोटो, इथल्या राहण्याचा पुरावा, हे झालं साधं. अडतं ते एका कागदावर: हा माणूस अविवाहित आहे, लग्नाला मोकळा आहे, असं त्याच्या देशाकडून लिहून आणलेलं पत्र. ऑफिसं हे मागतातच. आणि प्रत्येक देशाची पद्धत वेगळी. जर्मन माणसाला त्याच्या गावच्या नोंदणी कार्यालयातून दाखला आणावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. अमेरिकन सरकार असा दाखला देतच नाही, तिथले लोक वकिलातीत जाऊन शपथपत्र करतात. त्यामुळे नोटिशीच्याही आधी, शक्य असेल तर जोडीदार विमानात बसायच्याही आधी, त्याच्या देशाच्या मुंबईतल्या किंवा दिल्लीतल्या वकिलातीच्या वेबसाइटवर भारतात लग्न करण्याविषयी काय लिहिलंय ते वाचा आणि अपॉइंटमेंट घ्या. मुंबईत काम असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची, सकाळी उतरून काम करायचं, पण अपॉइंटमेंट नसताना जाऊ नका, गेटवरूनच परत यावं लागेल.

आधी घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा अंतिम निकाल पाहिजे, अंतरिम नाही. जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. हे कागद इंग्रजीत नसतील तर अधिकृत भाषांतर, आणि त्या देशाचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा आहे असा तिथल्या सरकारचा शिक्का. अपोस्टिल ज्या देशाचा कागद त्याच देशात होतो, इथं सोलापुरात बसून नोटरी करून तो होत नाही. जोडीदाराचे आईवडील तिकडं असतील तर त्यांना आजच फोन करा.

नावाचं एक अगदी बारीक सांगतो. आपल्याकडं नाव लिहायची सवय म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. परदेशी माणसाचं मधलं नाव हे वडिलांचं नसतं, ते त्याचंच दुसरं नाव असतं, किंवा नसतंच. फॉर्म भरताना मधल्या रकान्यात सवयीनं वडिलांचं नाव पडलं की सर्टिफिकेटवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं होतं आणि पुढं व्हिसाचा अर्ज त्याच एका शब्दावर अडकतो. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली ज्या दोन ओळी बाणासारख्या चिन्हांच्या असतात ना, त्यात नाव जसं आहे अगदी तसंच, एक अक्षर इकडं तिकडं न करता लिहायला सांगा, आणि सही करायच्या आधी मोठ्यानं वाचून घ्या.

पाचवं: आता दिवस मोजू

समजा जोडीदार १ जानेवारीला उतरला आणि ९० दिवस मिळालेत. म्हणजे ३१ मार्चच्या आत निघायचं किंवा नवीन परवानगी हातात पाहिजे. नोटीस १० जानेवारीपर्यंत गेली तर ३० दिवस ९ फेब्रुवारीला भरतात (आणि जानेवारीत गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, संक्रांतीच्या सुट्ट्या, हे धरून चला, ऑफिस बंद असण्याचे दिवस आधी बघा). १५ फेब्रुवारीच्या आसपास लग्न, लगेच सर्टिफिकेट, फेब्रुवारीच्या शेवटी व्हिसाचा अर्ज, आणि मार्च पूर्ण महिना त्यांच्या शंका-कुशंकांना उत्तरं द्यायला. हा आरामाचा हिशोब.

आता दुसरा. तोच माणूस, पण लग्नाचं ठरलं मार्चच्या पहिल्या आठवड्यात. ६ मार्चला नोटीस दिली तर ३० दिवस भरायला ५ एप्रिल उजाडतो आणि राहायची मुदत ३१ मार्चला संपली. बसत नाही. इथं लोक दोन चुका करतात, एक तर आणखी पाच-सहा दिवस राहिलं तर काय होतंय म्हणून राहून जातात, नाहीतर सगळं रद्दच करून रडत बसतात. दोन्हीची गरज नाही. कायद्यात नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांच्या आत लग्न लावायची मुभा आहे. म्हणजे ६ मार्चची नोटीस जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जिवंत आहे. नोटीस द्या, जोडीदारानं मार्चमध्ये मुदतीच्या आत गुपचूप आपल्या देशात जावं, तिकडं राहिलेले कागद आणि अपोस्टिल करून घ्यावेत, आणि व्हिसा मल्टिपल एंट्रीचा असेल किंवा नवीन मिळत असेल तर एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात परत यावं, लग्न करावं. परत आल्यावर राहायचे दिवस नव्या एंट्रीपासून मोजले जातात, व्हिसाही बदलून घ्यायला वेळ मिळतो. ३ महिने उलटले तर मात्र नोटीस पुन्हा पहिल्यापासून.

मुदत संपून राहण्याबद्दल स्पष्टच सांगतो. १ सप्टेंबर २०२५ पासून देशात नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झालाय, जुना १९४६ चा गेला. त्यात व्हिसाच्या मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. प्रत्येकाला तुरुंगात टाकतात असं नाही, पण एक्झिट परमिट, दंड, आणि पुढं व्हिसा नाकारला जाण्याची भीती हे खरं आहे. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढायचंय त्याच्या पासपोर्टवर असा डाग पडू देऊ नका. वेळेत परत जाणं म्हणजे लग्न मोडणं नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही समजावून सांगा.

तिसरा रस्ताही आहे आणि दिवस फारच कमी असतील तर मला तोच बरा वाटतो: लग्न जोडीदाराच्या देशात तिथल्या कायद्यानं करायचं, किंवा तिथल्या भारतीय वकिलातीत १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली (तिथंही नोटीस आणि ३० दिवस आहेतच). मग सर्टिफिकेट घेऊन तिथूनच भारतीय नागरिकाचा जोडीदार म्हणून एंट्री व्हिसा घ्यायचा आणि निवांत सोलापुरात यायचं, इथं जेवणावळ घालायची. तुमच्याकडं पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा.

घरचे हा रस्ता ऐकून नाराज होतात, पोरगं तिकडं जाऊन लग्न करून आलं म्हणून. त्यांना आपल्याच गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं सांगा. १९३८ ला ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४१ मध्ये तिथंच गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, आणि आज भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, चीनमधून पाहुणे आले की आवर्जून तिथं जातात. सोलापूरनं त्यांना परकं केलं नाही.

सहावं: लग्नाचा दिवस

दोघं, तीन साक्षीदार, सगळ्यांची ओरिजिनल ओळखपत्रं. साक्षीदार असे घ्या जे नक्की येतील आणि ज्यांच्या कार्डावरचा पत्ता, नाव नीट आहे. आधी जाहीरनाम्यावर सह्या होतात, मग दोघांनी एकमेकांकडं बघून मी अमुक, तमुकला माझा कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारतो/स्वीकारते असं म्हणायचं असतं. दोघांना समजेल त्या भाषेत म्हणता येतं, त्यामुळे जोडीदाराला मराठी येत नसेल तर आधी अधिकाऱ्यांशी बोलून इंग्रजीत ठरवा. तरी पुष्कळ जण आधीचे दोन दिवस घरी बसून मराठी वाक्य पाठ करतात, आजी समोर बसून ळ चा उच्चार करून घेते, आणि ऑफिसात ते वाक्य नीट आलं की क्लार्कसुद्धा मान वर करून बघतात. हे जमत असेल तर जरूर करा.

सातवं: व्हिसा बदलणं

लग्न झालं म्हणजे राहायची परवानगी मिळाली असं होत नाही, ही गैरसमजूत फार आहे. टुरिस्ट व्हिसा एरवी वाढत नाही आणि बदलत नाही, पण व्हिसा चालू असताना भारतीय नागरिकाशी लग्न झालं तर तो एंट्री व्हिसात, एक्स-२ म्हणतात त्यात, बदलून मागता येतो. अर्ज ई-एफआरआरओ (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय म्हणजे एफआरआरओ) या पोर्टलवर ऑनलाइन, आणि मुदत संपायच्या बऱ्याच आधी. लग्नाचं नोंदणी सर्टिफिकेट, तुमचा ओळखीचा पुरावा, दोघांचा एकत्र फोटो, घराचा पुरावा, तुमच्याकडून हमीपत्र अशी कागदं लागतात. मग पोलिसांकडून चौकशी होते, दोघं खरंच एकत्र राहतात का, तुमच्यावर काही गुन्हे आहेत का. शहरात पोलीस आयुक्तालय आणि तालुक्यात एसपी ऑफिस, कुठल्या हद्दीत राहता ते बघून घ्या. घरी येऊन विचारतात, शेजाऱ्यांनाही विचारतात, त्यामुळे शेजाऱ्या-पाजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे कुणी घाबरून आम्हाला काय माहीत नाही म्हणणार नाही. देणं न देणं त्यांच्या हातात असतं, म्हणून अर्ज केला की पोचपावतीची प्रिंट जवळ ठेवा आणि पोर्टलवर रोज बघा, त्यांनी एखादा कागद मागितला आणि तुम्ही आठवडाभर बघितलंच नाही असं होऊ देऊ नका.

एंट्री व्हिसावर नोकरी आपोआप करता येत नाही, हेही आधीच बोलून घ्या, नाहीतर मागाहून घरात कुरबुर होते.

आठवं: जमीन आणि एकत्र कुटुंब

हे कुणी सांगत नाही. तुम्ही हिंदू एकत्र कुटुंबातले असाल आणि विशेष विवाह कायद्याखाली हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन नसलेल्या माणसाशी लग्न केलं तर कायद्यानं तुम्ही त्या एकत्र कुटुंबातून वेगळे झालात असं धरलं जातं, आणि तुमच्या मालमत्तेचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ठरतो. हक्क जात नाही, पण हिस्सा वेगळा धरला जातो. ज्यांची मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडं वडिलोपार्जित शेती आहे किंवा भावाभावांचा एकत्र यंत्रमागाचा, टॉवेलचा कारखाना आहे त्यांनी दिवाणी काम बघणाऱ्या चांगल्या वकिलाकडं एकदा बसून हे समजून घ्या, वडील आणि भावांना बरोबर घेऊन, लग्नाच्या आधी.

पुढचं थोडक्यात. लग्नाची नोंदणी होऊन सलग २ वर्षं झाली की जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो, भारतात फी १५,००० रुपये, सुरक्षा तपासणी होते. स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबा पाकिस्तान, बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही. ओसीआयवर नोकरी करता येते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. नागरिकत्वाचा अर्ज ७ वर्षं इथं राहिल्यावर, आणि तेव्हा स्वतःचं जुनं नागरिकत्व सोडावं लागतं, त्यामुळे बरेच जण ओसीआयवरच थांबतात. ही २ वर्षं नोंदणी झालेल्या लग्नाचीच मोजतात, देवळातल्या हाराची नाही, म्हणून नोंदणी लांबवू नका आणि सर्टिफिकेटच्या चार-पाच प्रमाणित प्रती त्याच वेळी मागून घ्या: एक एफआरआरओला, एक वकिलातीला, एक अपोस्टिल करून जोडीदाराच्या देशात लग्न नोंदवायला, आणि बाकीच्या घरात, पासपोर्टच्या फाइलमध्ये.